मायना
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



'संपर्काची नवी साधने आणि आपण' या विषयावर आम्ही काही बोलावे, अशी आज्ञा कार्यवाहांनी केली तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही कला शाखेचे पदवीधर. यंत्राच्या पोटात काय चालते हे सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे, आणि या पोलादनगरीत ते जाणणारी मंडळी तर समोरच्या पहिल्या दोन रांगांतच बसलेली आहेत. त्यावर कार्यवाह म्हणाले, "यंत्राचे सांगू नका. ती वापरताना तुमचे काय झाले, तेवढे सांगा." ते मात्र सांगण्यासारखे आहे. या साधनावर आम्ही स्वतःच्या बोटांनी लिहिलेल्या चार शब्दांमुळे आमचे सख्खे वडीलबंधू पाच महिने आमच्याशी बोलले नव्हते. ती हकीकत आज आपणांपुढे ठेवावयाची आहे. तथापि तिच्याकडे जाण्याची वाट थोडी मागून आहे.

आपण सारे येथे कसे आलो, हे या सभागृहात सांगण्याची आवश्यकता नाही. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत रशिया यांच्यात करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि पाहता पाहता देशातील प्रत्येक भाषेची माणसे या माळावर राहावयास आली. आपण मराठी माणसे त्यांत फार दुरून आलो असेही नाही. १९५६ पूर्वी हा दुर्ग जिल्हा ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूरच होती. आजही गाडीत बसले की गोंदिया, नागपूर मागे टाकून सकाळचा निघालेला माणूस सायंकाळी वर्ध्यास पोहोचतो. परंतु अंतर कमी असले तरी घर हे घर आणि परगाव हा परगाव. घराची ख्यालीखुशाली कळण्यास काही साधन लागतेच.

आम्ही नोकरीनिमित्त १९९५ साली येथे आलो, तेव्हा ते साधन मुख्यतः पत्र हेच होते. पोस्टकार्ड आपल्या देशात १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. त्या कार्डावर पत्ता लिहिताना आपण जे सहा आकडी पिन लिहितो, ती योजना एका मराठी माणसाची आहे, हे नव्या पिढीस सांगावेसे वाटते. केंद्रीय दळणवळण खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ती आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती अमलात आली. हे गृहस्थ संस्कृतचे पंडित आणि कवी होते. एकाच नावाची अनेक गावे, पत्ते निरनिराळ्या लिप्यांतले, हस्ताक्षरे दुर्बोध. या सर्वांवर त्यांनी सहा आकड्यांचा तोडगा काढला. नागपूरचे पिन ४४ ने सुरू होते आणि भिलाईचे ४९ ने. राज्य बदलले, राजधान्या बदलल्या, पण आपला आणि माहेरचा पहिला आकडा आजही एकच आहे.

आता पत्राच्या आतील गोष्ट. आमच्या वडिलांनी आम्हांस लहानपणी पत्र लिहावयास शिकविले तेव्हा मजकूर शिकविला नाही, मायना शिकविला. वडील माणसास 'तीर्थरूप', आईस 'तीर्थस्वरूप', धाकट्यास 'चिरंजीव', स्नेह्यास 'सप्रेम नमस्कार'. त्यापुढे 'विनंती विशेष'. शेवटी 'कळावे, लोभ असावा'. मंगलकार्याच्या पत्रास कोपऱ्यावर कुंकू लावावे आणि दुःखद वार्तेच्या कार्डाचा कोपरा फाडावा. असे कार्ड घरात ठेवीत नसत, वाचून फाडून टाकीत. अर्थात कार्ड वाचण्यापूर्वीच हाताला कळे की ते कोठल्या मुखाने आले आहे. त्या वयात आम्हांस हे सारे शाईचा अपव्यय वाटे. चार इंच कार्डातला एक इंच नमस्कारात जावा, हा हिशेब पटत नसे.

भिलाईहून आम्ही आर्वीस दर पंधरवड्यास आंतर्देशीय पत्र लिहीत असू. आर्वीच्या घरी आई, वडील आणि थोरले बंधू राहत. आम्ही त्यांना दादा म्हणतो. 'तीर्थरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार' असा प्रारंभ करून पुढे लिहावयाचे काय, असा प्रश्न दर वेळी पडे. मग येथील पाऊस, खानावळ, कार्यालयातील बदल्या, पुढच्या सुटीचा अंदाज, एवढ्यावर पान भरे.

दुसरे साधन तारेचे. तीत मायन्यास जागाच नव्हती, कारण दर शब्दामागे पैसे पडत. १९९६ च्या पावसाळ्यात आम्हांस एक तार आली. 'फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली.' आम्ही हाती लागेल त्या गाडीने निघालो. तारेत 'सीरियस' म्हटले की बहुधा माणूस गेलेला असतो, हा संकेत आम्हांसही ठाऊक होता. पण प्रवास पुरा होईपर्यंत त्या एका शब्दाने आम्हांस उभे ठेविले. त्या चार शब्दांत नमस्कार नव्हता, तरी आर्वीच्या तारघरात दादांनी तो शब्द किती विचाराने निवडला असेल हे पुढे कळले. शुभेच्छांच्या तारांची रीत निराळी होती. पोस्टातील छापील यादीत प्रत्येक शुभेच्छेस क्रमांक असे. आपण क्रमांक सांगावा आणि पलीकडे ठराविक वाक्य उमटावे. आज पहाटे पहाटे आपल्या फोनवर येणारी फुलांची चित्रे पाहून ज्यांना संताप येतो, त्यांनी या क्रमांकांची आठवण ठेवावी. छापील प्रेम ही काही नवी गोष्ट नाही. आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

तिसरे साधन टेलिफोनचे. थेट परगावी फोन फिरविण्याची सोय आपल्या देशात १९६० साली कानपूर आणि लखनौ या दोन शहरांत प्रथम झाली. पण सामान्य माणसास ती लाभली ती कोपऱ्याकोपऱ्यावरील पिवळ्या पाटीच्या बूथमुळे. रात्री अकरानंतर दर चौथाई होई, म्हणून त्या वेळी बूथसमोर रांग लागे. तीत मल्याळी, तेलुगू, बंगाली, पंजाबी, सारे आपापल्या भाषेत एकच वाक्य मोठ्याने बोलत, "मी बरा आहे, तुम्ही कसे आहात?" आर्वीस आमच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या किराणा दुकानदाराचा 'पीपी' क्रमांक होता. तेथील मुलगा धावत जाऊन दादांना बोलावून आणी, आणि तोवर समोरच्या यंत्रावरील लाल आकडे पळत राहत. तरीही दादांचा आवाज आला की पहिला शब्द 'दादा' आणि दुसरा 'नमस्कार' हा नेम आम्ही सोडला नाही. खरे तर सोडणे शक्यच नव्हते. समोर माणसाचा आवाज असला की नाते जिभेवर आपोआप येते.

१५ ऑगस्ट १९९५ पासून आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले. आमचा त्याच्याशी परिचय १९९९ साली झाला. अमेरिकेतील मेहुण्यांना निरोप पाठविण्यासाठी आम्ही सिव्हिक सेंटर परिसरातील एका सायबर कॅफेत जात असू. ई-मेलच्या पत्त्यात जे 'ॲट'चे चिन्ह असते, ते रे टॉमलिन्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली या कामी योजले. कोण माणूस, कोठल्या यंत्रावर, एवढे ते चिन्ह सांगते. आपल्या 'मुक्काम पोस्ट'चेच काम ते करते असे म्हटले तरी चालेल. मेहुण्यांचे पत्र अमेरिकेहून भिलाईस मिनिटभरात येई. आम्ही ते छापून घेऊन लिफाफ्यात घालून आईस पाठवीत असू आणि भिलाईहून आर्वीस जाण्यास त्यास चार दिवस लागत.

अडचण होती ती लिपीची. त्या काळी मराठी टंक एका संगणकावर असे आणि दुसऱ्यावर नसे. एका दिवाळीस आम्ही मोठ्या हौसेने मराठीत टंकलेले पत्र मेहुण्यांना पाठविले. त्यांचे उत्तर आले, "पत्र मिळाले. कोणती भाषा आहे?" त्यांच्या पडद्यावर नुसती कंस, स्वल्पविराम आणि खुणांची रांगोळी उमटली होती. पुढे जगातील सर्व लिप्यांना एकच संकेतक्रम देणारी युनिकोड पद्धत संगणकांत आणि मग फोनमध्ये रुळली आणि ही अडचण सरली. परंतु तोपर्यंत आपल्या मुलांच्या बोटांना रोमन अक्षरांत मराठी लिहिण्याची सवय जडली होती. ती अद्यापही सुटलेली नाही.

व्हॉट्सॲप २००९ साली निघाले. २०१३ मध्ये त्यावर बोलून निरोप पाठविण्याची सोय झाली, २०१५ मध्ये संभाषणाची आणि २०१६ च्या अखेरीस चित्रासह संभाषणाची. त्याच सुमारास इंटरनेट स्वस्त झाले आणि आर्वीच्या घरीही असा फोन आला. आमच्या आईस बारीक अक्षर दिसत नसे. नातवाने तिला बोलून निरोप पाठविण्यास शिकविले. तिचा पहिला निरोप आम्ही कार्यालयातून घरी परतताना रस्त्याच्या कडेला थांबून ऐकला. आई घसा खाकरून, अगदी पत्र लिहावयास बसल्यासारखी बोलत होती: "चिरंजीव यास अनेक उत्तम आशीर्वाद. येथील सर्व कुशल. तुमचे कुशल कळवीत जावे." त्यानंतर लोणच्याच्या कैऱ्यांची चौकशी होती. शेवटी "कळावे" म्हणून तिने थोडा वेळ बोट तसेच ठेविले असावे, कारण पुढे काही क्षण पंख्याचा आवाज ऐकू येत होता. आम्ही हसलो, सौभाग्यवतीस ऐकविले, तीही हसली. आपण कशास हसत आहोत, हे आम्हांस त्या दिवशी उमगले नव्हते.

आता मूळ हकीकत. २०१८ सालचा मे महिना संपत आला होता. मृगास आठवडा उरलेला. आर्वीच्या घराची परसाकडील मातीची भिंत खचली होती. दादांनी कुटुंबाच्या गटावर छायाचित्र पाठविले आणि खाली लिहिले की भिंत विटांची नवी बांधावी, की तेवढा भाग पाडून जागा शेजाऱ्यास द्यावी. गवंडी थांबला आहे, लगेच कळवा. घर वडिलार्जित, म्हणून त्यांनी विचारले. आम्ही त्या वेळी कार्यालयात एका बैठकीत बसलो होतो. टेबलाखाली फोन धरून आम्ही उत्तर लिहिले: "तुम्हाला वाटेल ते करा."

मंडळी, हे चार शब्द लिहिताना आमच्या मनात होते ते असे: दादा, घर तुम्ही सांभाळले, आईस तुम्ही सांभाळले, तुम्ही जे ठरवाल ते आम्हांस शिरसावंद्य आहे. परंतु आपली भाषा मोठी विलक्षण आहे. 'वाटेल ते करा' हे वाक्य मायेने उच्चारले तर पूर्ण विश्वास, आणि तेच तुटकपणे उच्चारले तर 'आमच्या डोक्यास ताप देऊ नका.' दोन अर्थ, दोन टोकांचे. आणि त्यांतील फरक सांगणारे एकही अक्षर त्या वाक्यात नाही. तो फरक आवाज सांगतो, चेहरा सांगतो, आणि ही दोन्ही नसतील तेथे मायना सांगतो. आम्ही आवाज पाठविला नव्हता, आणि मायनाही लिहिला नव्हता. 'दादा' हे दोन अक्षरी संबोधनसुद्धा नव्हते.

दादांचे उत्तर आले नाही. निळ्या खुणा मात्र उमटल्या. आम्ही समजलो, काम सुरू झाले असेल. पोळ्यास दादांचा फोन दर वर्षी येतो. येथे छत्तीसगडात त्याच दिवशी पोरा असतो, म्हणून "तुमच्याकडचे बैल कसे सजले?" असे ते हटकून विचारतात. त्या वर्षी फोन आला नाही. गणपतीत आला नाही. आम्हीही कामात होतो, आणि खरे सांगावयाचे तर गटावर रोज कोणाची ना कोणाची चित्रे येत असल्याने सर्वांशी संबंध चालू आहे असाच भास होत होता. दसऱ्यास सोने देण्याघेण्याचा फोनही आला नाही तेव्हा मात्र मन खट्टू झाले. दुसऱ्या दिवशी आईचा निरोप आला. आशीर्वाद झाले, कुशल झाले आणि मग तिने हलक्या आवाजात सांगितले, "दादाला तू तसे लिहायला नको होतेस. नातवाने मला वाचून दाखवले."

आम्ही मागे जाऊन आपलेच वाक्य वाचले. शाळकरी मुलाने धडा वाचावा तशा सुरात ते मोठ्याने वाचून पाहिले आणि कानशिले तापली. जो माणूस कार्यालयात एका साध्या स्मरणपत्राचा मसुदा तीन वेळा तपासतो, 'सविनय' कोठे आणि 'कृपया' कोठे याची काटेकोर चौकशी करतो, त्याने वडीलबंधूस टेबलाखालून चार शब्द फेकावेत, याचा आम्हांस विलक्षण संकोच वाटला. त्याच गटावर क्षमा मागावी म्हणून आम्ही दोन वेळा लिहिले आणि दोन्ही वेळा पुसले. ज्या वाटेने जखम गेली, त्याच वाटेने मलम पाठविण्याचे धैर्य होईना.

दिवाळीत आम्ही आर्वीस गेलो. भिंत विटांची, नवी, गिलावा केलेली उभी होती. दादांनी आम्हांस खर्चाचा आकडा कळविला नव्हता. आम्ही वाकून नमस्कार केला आणि म्हटले, "दादा, आमच्या मनात तसे नव्हते." ते काही बोलले नाहीत. आत जाऊन त्यांनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आणला. त्यात आमची आंतर्देशीय पत्रे होती, १९९५ पासूनची, तारखेवार. एक उघडून त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "यात काहीच नसायचं रे. पाऊस बरा आहे, जेवण बरं आहे. पण वर नमस्कार असायचा. मी तेवढाच वाचायचो." मग थोड्या वेळाने म्हणाले, "फोनवर हेच म्हणाला असतास तर मी त्याच दिवशी गवंड्याला हो म्हटलं असतं. मला आठ दिवस झोप नाही, की हा घरातून अंग काढून घेतोय की काय." भिंतीचा अर्धा खर्च त्यांनी घेतला, तो भाऊबीजेच्या दिवशी, अमरावतीच्या ताईच्या मध्यस्थीने.

या हकीकतीवरून कोणी असे समजू नये की आम्ही जुन्या साधनांची पूजा बांधावयास आणि नव्यांना नावे ठेवावयास उभे आहोत. दुरून जुळलेले नाते खोटे असते, हेही आम्हांस मान्य नाही. मराठीतील थोर कथाकार जी. ए. कुलकर्णी आयुष्याचा फार मोठा काळ धारवाडास राहिले, माणसांत फारसे मिसळले नाहीत. पण त्यांची पत्रे वाचणारास कळते की केवळ टपालाने माणूस माणसाच्या किती जवळ जाऊ शकतो. सुनीताबाई देशपांडे यांनी त्यांना लिहिलेल्या पत्रांचे 'प्रिय जी. ए.' हे पुस्तकच आहे, आणि त्याचे नाव म्हणजे एक मायनाच आहे. सांगण्याचा हेतू असा की अंतर हा दोष नव्हे, आणि वेग हाही दोष नव्हे. दोष आमच्या घाईचा होता.

नव्या साधनांनीही मायना पाळता येतो, याचा अनुभव आपण याच मंडळात घेतला आहे. २०२० च्या गणेशोत्सवात एकत्र जमणे शक्य नव्हते, म्हणून पडद्यावर आरती ठेविली होती. पहिल्या दिवशी सर्व घरांतून एकदम आरती सुरू झाली आणि प्रत्येकाचा आवाज निराळ्या क्षणी पोहोचू लागल्याने एकच गलका झाला. टाळ एका सेक्टरातून, शब्द दुसऱ्या सेक्टरातून! दुसऱ्या दिवसापासून एका घराने म्हणावी आणि बाकीच्यांनी आपला आवाज बंद ठेवून आपल्या घरी म्हणावी, असे ठरले. त्या वेळी एक गोष्ट ज्येष्ठांनी आपण होऊन केली. आरतीपूर्वी पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक घरास नाव घेऊन नमस्कार केला. त्यात दहा मिनिटे जात. एकानेही त्या दहा मिनिटांबद्दल तक्रार केली नाही. एकेका घरात एकेकटी बसलेली माणसे आपले नाव ऐकण्यासाठीच वेळेपूर्वी येऊन बसत.

साधने येतात आणि जातात. तार गेली. आपल्या मुलांनी ज्यावर मित्र जोडले ते ऑर्कुट २०१४ साली बंद झाले. ज्यावर आम्ही मेहुण्यांची मुले प्रथम हलताबोलताना पाहिली ते स्काइप २००३ साली आले आणि २०२५ च्या मे महिन्यात संपले. आमची आई २०२२ साली गेली. तिचे काही निरोप आमचा जुना फोन बिघडला तेव्हा त्याच्याबरोबर गेले. जे राहिले ते आम्ही आता दोन ठिकाणी जपून ठेविले आहेत. त्यांत सांगण्यासारखे काही नाही. कैऱ्या, पंखा, कुशल. पण प्रत्येकाच्या आरंभी आशीर्वाद आहेत.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळापुढे आमची एक लहानशी विनंती आहे. आपल्या गटावर ज्या घरातील दुःखद वार्ता येते, त्या घरी हात जोडलेल्या चित्रापूर्वी निदान एकाचा फोन जावा किंवा पाय जावेत. ज्यास लिहावयाचे त्याचे नाव, नाते प्रथम लिहावे. 'काका', 'वहिनी', 'दादा' या शब्दांना आता पैसे पडत नाहीत. आणि आपल्या मुलांना, ती रोमन अक्षरांत लिहोत की देवनागरीत, आजी-आजोबांस लिहिताना आरंभी नमस्कार लिहावयास शिकवावे. आमची कन्या शिक्षणासाठी पुण्यास होती तेव्हा तिच्या निरोपाचा प्रारंभ 'हाय' असा असे. आज ती दादांना लिहिते तेव्हा रोमन अक्षरांतच का होईना, 'मोठे बाबा, नमस्कार' असे लिहिते. दादा तेवढेच वाचतात की पुढचेही, हे आम्ही विचारलेले नाही.

आमच्या भाषणात काही अधिक-उणे झाले असल्यास आपण पदरात घ्यावे. समोर बसलेल्या आपणां सर्वांस, आणि ही स्मरणिका दूर कोठे तरी वाचीत असलेल्या मंडळाच्या जुन्या सभासदांस आमचा सप्रेम नमस्कार. कळावे. लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा, ही विनंती.